ब्रश बदलून मिळेल

श्रीमंत सोनकांबळेच्या गालावर केस चिकटले होते आणि त्यातला एकही त्याचा स्वतःचा नव्हता. ते ब्रशचे होते. ब्रश नवाकोरा होता. साबणाच्या फेसातून एकेक केस निसटत होता आणि बदलीवर आलेल्या माणसासारखा मिळेल त्या जागी मुक्काम ठोकत होता. श्रीमंतने हनुवटीवरचा एक चिमटीत धरून काढला, तोवर मिशीखाली दोन येऊन बसले.

"तारा, जरासं पाणी दे गं," तो ओरडला.

"दिलंय की मघाशी पेलाभर," स्वयंपाकघरातून तारामतीचा आवाज आला.

"ते फेसातच गेलं."

"मग फेस कमी करा. नळाचं तोंड बघून आठवडा झालाय, टँकरचा पत्ता न्हाई. तुमच्या दाढीला आता हौद कुठून आणू?"

तिचंही बरोबर होतं. लातूर जिल्हा झाला आणि गावाला एकदम सगळं नवं मिळालं. नवं कलेक्टर ऑफिस, नवे साहेब, नव्या जीपगाड्या, नव्या पाट्या. पाणी तेवढं जुनंच राहिलं होतं आणि तेही संपत आलं होतं. श्रीमंत नांदेडहून बदली मागून इथं अव्वल कारकून म्हणून आला, कारण त्याचं गाव चाकूरच्या बाजूला होतं आणि म्हातारे आबा तिथं एकटे होते. सामान हलवताना एकच वस्तू हरवली, ती म्हणजे नांदेडचा दाढीचा ब्रश. लग्नात घेतलेला तो ब्रश इतक्या वर्षांत एका केसालाही मुकला नव्हता. आता तो कुठल्या ट्रकच्या सांदीत पडला होता कोण जाणे.

दाढीला एवढं काय महत्त्व, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याचं आडनाव सोनकांबळे नसणार. ऑफिसात दुसऱ्या कुणाची दाढी वाढली, तर लोक म्हणत, बिचाऱ्यावर कामाचा ताण आहे. श्रीमंतची वाढली असती, तर म्हणाले असते, शेवटी यांचं हे असंच. हे कुणी तोंडावर बोललं नव्हतं, बोलायची गरजही नव्हती. नोकरी लागली तेव्हा आबांनी एकच गोष्ट सांगितली होती. "पोरा, बोट ठिवायला जागा ठिवू नको." त्या दिवसापासून श्रीमंतचा सदरा इस्त्रीचा, अक्षर छापल्यासारखं आणि गाल गुळगुळीत. त्यातला गाल आता हातातून चालला होता.

त्या दिवशी टंचाईची बैठक होती. कुठल्या गावाला किती टँकर लागतील याचा तक्ता श्रीमंतने रात्री जागून केला होता. तो त्याने मोठ्या साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तक्त्याकडे बघितलंच नाही, ते श्रीमंतच्या तोंडाकडे बघत राहिले.

"सोनकांबळे, ऑफिसला येताना जरा तोंड धुऊन येत चला."

टंचाईच्या बैठकीत एवढा विनोद पुरेसा होता. सगळे हसले. शेजारच्या टेबलावरच्या संगप्पाने नंतर हलकेच त्याच्या गालावरचा केस उचलला आणि उजेडात धरून बघितला.

"डुकराचा हाय की रे," तो म्हणाला. संगप्पा उदगीरकडचा, मनाने सरळ आणि तोंडाने फटकळ. "कुठनं घेतलास?"

"नूतन जिल्हात."

"मग बदलून आण की. तिथं पाटीच हाय, बदलून मिळेल म्हणून."

पाटी होती खरी. 'नूतन जिल्हा जनरल स्टोअर्स' हे मुळात भुजंगशेटच्या वडलांचं जुनं किराणा दुकान. लातूर जिल्हा झाला तशी भुजंगशेटने गादी काढून काउंटर केला, खुर्च्या टाकल्या, पंखा लावला आणि रंगाऱ्याला बोलावून तीन पाट्या रंगवून घेतल्या. 'ग्राहक हेच आमचे दैवत.' 'मालात खोट निघाल्यास बदलून मिळेल.' 'थंड पाण्याची सोय आहे.' पहिल्या दोन पाट्या सगळीकडेच असतात. तिसऱ्या पाटीने मात्र त्या उन्हाळ्यात अख्खा बाजार त्याच्या दारात आणला. शेटच्या परसात जुना आड होता आणि त्याला अजून पाणी होतं. लोक सुईदोरा घ्यायच्या निमित्ताने यायचे, माठातलं दोन ग्लास पाणी पिऊन जायचे, आणि जाताना नको ती वस्तू घेऊन जायचे.

श्रीमंत त्या दुकानावर खूश होता, आणि त्याचं कारण ब्रश नव्हतं. ब्रश घेतला त्या दिवशी शेटने तो स्वतःच्या गालावरून फिरवून दाखवला होता. "बघा साहेब, डुकराचा अस्सल केस. कसा रेशमासारखा! हात लावून बघा." मग 'साहेब' म्हणत त्याला खुर्चीवर बसवलं, पंखा त्याच्याकडे वळवला. काउंटरवरच्या ट्रेमध्ये निळ्या फुलांचे काचेचे पाच ग्लास पालथे होते. बाकीची गिऱ्हाइकं त्यातला एक उचलत आणि स्वतःच माठात ओगराळं बुडवून पाणी घेत. श्रीमंतही उठायला लागला, तर शेटने त्याला हाताने थांबवलं.

"अहो, तुम्ही उठायचं नाही साहेब! कलेक्टर ऑफिसचा माणूस आमच्याकडं पाणी भरून घेणार का?"

दाराजवळच्या कोनाड्यात त्याच संचातला सहावा ग्लास होता. श्रीमंतने तो हातात घेतला आणि शेटने तांब्याने वरून धार धरली. "हा खास तुमचा. दुसऱ्या कुणाला देत नाही. पिऊन झालं की तुमच्याच हातानं कोनाड्यात ठेवा. उगाच तुमच्या ग्लासाला दुसऱ्याचा हात कशाला?"

श्रीमंतला भरून आलं. याच दुकानाच्या पायरीखाली आबांनी आयुष्य काढलं होतं. बाजाराच्या दिवशी जळणाची मोळी विकून ते इथं मीठमिरची घ्यायला येत. पुडी वरून टाकली जाई, पैसे पायरीवर ठेवावे लागत. पाणी मागितलं तर शेटचे वडील उंचावरून ओंजळीत ओतत. लहानगा श्रीमंत आबांच्या कोपरावरून गळणारं पाणी खालून तोंडात धरायचा. आणि आज त्याच दुकानात त्याच्या नावाचा ग्लास होता! त्याने घरी जाऊन तारामतीला सांगितलं, तारामतीने गल्लीत सांगितलं, आणि चाकूरकडे जाणाऱ्या एका पाहुण्याबरोबर आबांनाही निरोप गेला. पोराला लातुरात खास ग्लास आहे म्हणून.

अशा दुकानात जाऊन ब्रशची तक्रार करायची म्हणजे जिवावर आलं. तरी तो गेला.

"या साहेब, या! आधी पाणी," शेट म्हणाला. ग्लास, तांब्या, धार. पाणी असं गार होतं की श्रीमंतचा राग घशातच विरघळला. त्याने पिशवीतून ब्रश काढला.

"शेट, हे केस गळायलेत बघा."

शेटने ब्रश घेतला, वास घेतला, हळहळला. "साबण कोणता वापरता?" श्रीमंतने सांगितलं. शेटने कपाळावर हात मारला. "तरीच! त्या साबणानं ब्रशची मुळं सुटतात. एवढा उंची ब्रश, आणि त्याला असला साबण?"

श्रीमंत नवा साबण घेऊन घरी आला. नव्या साबणात केस जास्त मोकळेपणाने गळू लागले. दुसऱ्या खेपेला शेटने त्याच्या घरच्या पाण्यात दोष काढला, टँकरच्या पाण्यात क्षार असतात म्हणाला, आणि तुरटीचा खडा बांधून दिला. तिसऱ्या खेपेला दोष आरशात निघाला. आरसा धड नसला की माणूस ब्रश जोरात घासतो, हे श्रीमंतला त्या दिवशी कळलं. प्रत्येक वेळी खुर्ची होती, पंखा होता, खास ग्लास होता, आणि प्रत्येक वेळी ब्रश पिशवीत परत येत होता.

"तुमी ब्रश वापस करायला जाता का दुकान उचलून आणायला?" तारामतीने विचारलं. "आवं, सरळ सांगा की त्येला, खोटा माल दिलास म्हणून!"

"कसं सांगू? तो इतका मान देतो."

"मान गालाला लावून दाढी व्हती का?"

श्रीमंतही काही दूधखुळा नव्हता, शेट माल गळ्यात मारतोय हे त्याला दिसत होतं. पण त्या दुकानात शिरताना त्याची मान आपोआप ताठ व्हायची आणि त्या ताठ मानेसाठी तो साबण, तुरटी, आरसा सगळं सोसत होता. संगप्पाला त्याने एकदा सहज सांगितलंही. संगप्पाने फायलीतून मान वर केली.

"मला न्हाई ठेवला खास ग्लास," तो म्हणाला. "आम्ही आपले ट्रेमधले." एवढं बोलून तो फायलीत डोकं घालून बसला. त्याला हेवा वाटला असेल असं श्रीमंतला वाटलं.

मग ते झालं. टंचाई बघायला मुंबईहून वरिष्ठ अधिकारी यायचे होते. तक्ता श्रीमंतचा होता, गावांची नावं त्याला तोंडपाठ होती, तोच उभा राहून माहिती देणार असं ठरलं होतं. सकाळी त्याने जपून दाढी केली. पात्याखाली ब्रशचा केस आला, पातं सटकलं, गालावर कापलं. केस काढायला कोरड्या टॉवेलने घासलं, तर सगळा गाल लाल झाला. धुवायला पाणी मागायची सोय नव्हती. कापलेल्या जागी वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून श्रीमंत ऑफिसात पोचला.

मोठ्या साहेबांनी एकदा बघितलं. "सोनकांबळे, तुम्ही आज मागं बसा. माहिती संगप्पा देतील."

श्रीमंत मागे बसला. संगप्पाने त्याचा तक्ता वाचला, त्यात दोन गावांची अदलाबदल केली, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. बैठक संपल्यावर मुंबईचे अधिकारी संगप्पाला म्हणाले, चांगलं काम केलंत. संगप्पाने मागे वळून श्रीमंतकडे बघितलं. श्रीमंतच्या डोळ्यांत पाणी आलं. आबांनी सांगितलं होतं, बोट ठेवायला जागा ठेवू नको. एका डुकराच्या केसाने ती जागा करून दिली होती.

त्या संध्याकाळी तो घरी आला, तर आबा दारात बसलेले. गावची विहीर आटली म्हणून लिंबाजी आबा शेवटी मुलाकडे आले होते. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेलं, पण चेहऱ्यावर हसू होतं.

"पाणी बिणी न्हाई राहिलं गावात," ते म्हणाले. "म्हनलं, लेकाचा गिलास तरी बघून यावं."

श्रीमंतला एकदम बळ आलं. आबांना तो ग्लास दाखवायचा आणि आबांच्या देखत ब्रश बदलून घ्यायचा. आज कुणाचंही ऐकायचं नाही. त्याने ब्रश पिशवीत टाकला, आबांचा हात धरला आणि निघाला.

बाजाराचा दिवस होता. दुकानात ही गर्दी. आबा सवयीने पायरीखालीच थांबले. भुजंगशेटने त्यांना बघितलं आणि काउंटरमागून हात जोडले. "या काका, वर या! साहेबांचे वडील ना? बसा, बसा!"

आबा वर आले, पण खुर्चीवर टेकले ते अगदी कडेला. इकडेतिकडे बघत राहिले. पंखा, पाट्या, काचेचं कपाट. "लईच बदललं की," ते हळूच म्हणाले. श्रीमंतचा ऊर भरून आला.

"साहेब, पाणी," शेट तांब्या घेऊन आला. श्रीमंतने कोनाड्यातला ग्लास घेतला आणि आबांच्या हातात दिला. शेटने वरून धार धरली. आबा पाणी प्यायले, त्यांनी परत मागितलं, परत प्यायले. आठवड्याची तहान होती ती. मग शेट श्रीमंतकडे वळला, पण श्रीमंतच्या हातात ग्लास नव्हता. शेट तांब्या धरून तसाच थांबला. आबांनी ग्लास पुढे करावा म्हणून दोघंही थांबले.

ट्रेमध्ये पाच ग्लास पालथे होते. तेवढ्यात साखराबाई नावाची एक शेतकरीण आली, तिने ट्रेमधला एक उचलला, माठातून पाणी घेऊन घटाघटा प्यायली आणि ग्लास जागेवर ठेवून बांगड्या बघायला लागली. आबांनी तिच्याकडे बघितलं, मग ट्रेकडे, मग कोनाड्याकडे आणि मग हातातल्या ग्लासाकडे.

"शेट, आमाला गिलास एकच हाय का?" त्यांनी विचारलं.

"तो साहेबांचा खास आहे काका," शेट हसत म्हणाला. "त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही मी."

"हाव," आबा म्हणाले. "कळलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "तुमच्या वडलांच्या टायमाला वंजळ होती. तुमी गिलास केलाव. सुधारना हाय म्हनायची."

श्रीमंतला कुणीतरी भर बाजारात तोंडात मारल्यासारखं झालं. तुम्ही उठायचं नाही साहेब. तुमच्याच हातानं ठेवा. दुसऱ्याचा हात कशाला. एकेक वाक्य आठवू लागलं आणि प्रत्येक वाक्याला आता दुसरंच तोंड होतं. संगप्पा का गप्प बसला होता तेही कळलं. इतके दिवस तो या ग्लासाच्या जोरावर मान ताठ करून चालत होता, तारामतीने गल्लीभर सांगितलं होतं, आबा धूळ तुडवत तो बघायला आले होते. त्याला स्वतःची लाज वाटली आणि मग त्या लाजेची चीड आली. लाज त्याने का धरावी? डुकराचे केस शेटच्या गालाला चालत होते, आबांचे ओठ ग्लासाला चालत नव्हते.

त्याने आबांच्या हातून ग्लास घेतला आणि शेटपुढे धरला. शेटने सवयीने पाणी ओतलं. श्रीमंत सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग तो उठला, कोनाड्यावरून पुढे गेला, काउंटरशी आला आणि ग्लास ट्रेमध्ये पालथा घातला. घातला तो घातला, वर सहाही ग्लास एकदा इकडचे तिकडे सरकवले. निळी फुलं निळ्या फुलांत मिसळून गेली.

शेटने तांब्या काउंटरवर टेकवला. "साहेब," तो हळू आवाजात म्हणाला, "कोणता ठेवलात?"

"काय कोणता?"

"ग्लास."

"का? त्याला काय झालं?"

"झालं काही नाही... तो तुमचा खास ना."

"खास हाय तर तुमीच ओळखा की, शेट."

शेटने ट्रेवर वाकून बघितलं. एक उचलला, उजेडात धरला, ठेवला. दुसरा उचलला. सगळे सारखे, सगळे ओले. त्याच्या कपाळावर पंख्याखाली घाम आला. धुवायचे म्हटले तर सहाही धुवायला हवेत, आणि असले ग्लास नुसते विसळून त्याच्या मनाचं समाधान झालं नसतं. राखेनं घासायचे, परत धुवायचे, परत. आडाला आता तेवढं पाणी नव्हतं. दारात गिऱ्हाइकं वाढत होती आणि आत येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा ट्रेकडेच हात नेत होता.

"थांबा, थांबा! पाणी संपलं!" शेट ओरडला.

"माठ तर भरलेला दिसायलाय," एक जण म्हणाला.

"ते... ते शिळं आहे."

"शिळं तर शिळं. हितं जीव चाललाय आन् शेट ताजं-शिळं करून राहिलाय," असं म्हणत साखराबाईने सरळ एक ग्लास उचलला, भरला आणि प्यायली. शेटने डोळे मिटून घेतले. पांढरे कपडे घातलेल्या एका गृहस्थाने मात्र मघापासूनचा सगळा प्रकार बघितला होता. त्याने हातात घेतलेला ग्लास हळूच ट्रेमध्ये ठेवला, धोतराला बोटं पुसली आणि म्हणाला, "राहू द्या. घरी जाऊनच पितो." त्याच्यामागोमाग आणखी दोघं गेली.

शेट काउंटरवरून श्रीमंतच्या कानाशी आला. "साहेब, तुमचा ब्रश बदलून देतो. आत्ता देतो. एकदम उंची देतो, मी घरी वापरतो तसला. फक्त कोणता तेवढं सांगा."

"म्हंजी उंची ब्रश दुकानात होता?"

"होता... ठेवणीतला."

"मग मला हा का दिलाव?"

शेट परत ट्रेकडे बघायला लागला. श्रीमंतने पिशवीतून ब्रश काढून ट्रेशेजारी ठेवला. ठेवताना सुद्धा त्याचे दोन केस गळाले. "शेट, खरं सांगतो," तो म्हणाला, "कोणता ते मला बी कळंना झालंय. ह्यात काय फरकच न्हाई."

आबांना घेऊन तो पायऱ्या उतरला. घराची गल्ली आली. मग आबा म्हणाले, "घरी सुनेला सांगू नको. लई खुशीनं सांगत असती ती तुज्या गिलासाचं."

श्रीमंतने सांगितलं नाही. पुढचे काही दिवस तो नुसत्या हाताने साबण लावून दाढी करत राहिला. दाढी धड होत नव्हती, गालावर खुंट राहत होते. पण ते निदान स्वतःचे होते.

एका शनिवारी तो ऑफिसातून आला, तर तारामती फुललेल्या चेहऱ्याने दारातच उभी.

"आवं, भुजंगशेट आलते! सोता! आपल्या दारात!"

श्रीमंतने पिशवी खाली ठेवली. "काय म्हणाला?"

"लई चांगला मानूस. साहेबांना आमच्याकडनं भेट म्हनून हे देऊन गेला." तिने पुठ्ठ्याचं खोकं उघडलं. आत गवताच्या काड्यांमध्ये निळ्या फुलांचे सहा ग्लास होते. "संच दिला अख्खा! आन् वर हा ब्रश. म्हनला, पहिला चुकून गेला. मी म्हनलं, घरात या, पानी घ्या. आपल्या घागरीत तांब्याभर होतं तेवढं, तरी म्हनलं. तर म्हनला, उपास हाय."

"पाण्याचा उपास?"

"मला बी नवल वाटलं. कडक असंल." तिने ग्लास पुसून एकेक मांडायला घेतला. "आन् म्हनला, साहेबांनी आता दुकानात यायची तकलीफ घ्यायची न्हाई. काय लागंल ते नुसतं सांगा, मी मानूस पाठवून घरपोच देतो. अशी सेवा लातुरात दुसऱ्या कुनाला न्हाई म्हनला. बघा की, केवढी इज्जत तुमची!"

कोपऱ्यात बसलेल्या आबांनी एक ग्लास उचलला आणि फिरवून फिरवून बघितला. "आता ह्यातला आपला कंचा रं?" त्यांनी विचारलं.

"आसं काय इचारता आबा? समदेच आपले की," तारामती म्हणाली आणि पदराने दुसरा पुसायला लागली.

रविवारी सकाळी श्रीमंतने दाढीचं सामान काढलं. निळ्या फुलांच्या ग्लासात बोटभर पाणी घेतलं, नवा ब्रश त्यात बुडवला. फेस दाट आला, मऊ आला. त्याने ब्रशचे केस चिमटीत धरून ओढून बघितले, अगदी हिसका दिला. एकही निघाला नाही. नांदेडच्या ब्रशपेक्षाही हा सरस होता. श्रीमंत गालावरचे केस वेचत होता, त्या साऱ्या दिवसांत हा ब्रश दुकानाच्या ठेवणीत पडून होता. पातं गालावरून सरसर फिरलं, आणि नव्या आरशात जिल्ह्याला शोभेल असा गुळगुळीत चेहरा दिसायला लागला. त्यावर बोट ठेवायला कुठं जागा नव्हती. श्रीमंत त्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

मग त्याने इस्त्रीचा सदरा घातला आणि चपला पायात सरकवल्या.

"कुठं निघालाव?" तारामतीने विचारलं.

"नूतन जिल्हात."

"आवं, काय लागतंय ते घरपोच देतो म्हनलाय ना त्यो! एवढ्या उन्हात कशाला जायलाव?"

"तहान लागलीय," श्रीमंत म्हणाला.

आबांनी भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि गुडघ्यावर हात देऊन उठले.

"थांब," ते म्हणाले, "मला बी लागलीय."